क्यूएमधून कंप्लायन्स हेडपर्यंत कसं पोचायचं? गोव्यात राहून जमतं का?

डिचोलीची_फार्मसिस्ट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथलं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

मी बी.फार्म, शिक्षण गोव्यातच. सध्या वेर्ण्याला एका टॅबलेट-कॅप्सूल प्लँटमध्ये क्यूएत (क्वालिटी ॲश्युरन्स, म्हणजे मालाची गुणवत्ता सांभाळणारं खातं) असिस्टंट मॅनेजर आहे. डेव्हिएशन (ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याची नोंद), चेंज कंट्रोल, कॅपा (चूक दुरुस्त करून पुन्हा होऊ नये म्हणून केलेले उपाय), एपीक्यूआर (प्रॉडक्टचा वार्षिक क्वालिटी आढावा) हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. काम येतं, आवडतं पण. मात्र गेली काही वर्षं तिथेच घुटमळल्यासारखं झालंय. मला पुढे साइटची (म्हणजे प्लँटची) कंप्लायन्स हेड, नियमपालनाची प्रमुख, किंवा क्वालिटी हेड व्हायचंय आणि तिथे जायचा रस्ता कोणी नीट सांगत नाही. एक म्हणतो एमबीए कर, दुसरा म्हणतो आरएसी (रेग्युलेटरी अफेअर्सचं) सर्टिफिकेशन कर, तिसरा म्हणतो एम.फार्म रेग्युलेटरी अफेअर्स (सरकारी मंजुऱ्यांचं काम) केल्याशिवाय कोणी विचारणार नाही. साहेब म्हणतात हैदराबाद नाहीतर मुंबई गाठ. घरी मुलगी शाळेत आहे, नवऱ्याची नोकरी पर्वरीला, सासूबाईंना बरं नसतं, तेव्हा लगेच बॅग भरून निघणं शक्य नाही.

एक मैत्रीण मडगावला हॉस्पिटलच्या क्वालिटीत आहे, ती म्हणते इकडे ये, एनएबीएचमुळे (हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता) लोक हवेच आहेत. ते पण डोक्यात आहे.

आणि खरी अडचण म्हणजे मीटिंगमध्ये मी एखादा मुद्दा काढला की प्रॉडक्शनचे हेड म्हणतात "बघूया, आधी डिस्पॅच जाऊ दे", आणि सगळे पुढच्या विषयाकडे वळतात. हे असंच चाललं तर पद मिळून तरी काय उपयोग असं वाटायला लागलंय. जे वर पोचलेत त्यांनी सांगा ना, तुमच्यात नेमकं काय बघितलं गेलं?

वेर्णा_जुना_क्यूए

ताई, प्रश्न चांगला विचारलात. मी बरीच वर्षं या लाइनमध्ये आहे, इंटरव्ह्यू पॅनलवरही बसतो, म्हणून जे बघतो तेच लिहितो.

डिग्रीचा मुद्दा आधी संपवतो. बी.फार्म पुरेशी आहे. आपल्या ड्रग्ज रूल्समध्ये मॅन्युफॅक्चरिंगच्या कॉम्पिटंट टेक्निकल स्टाफसाठी फार्मसी ग्रॅज्युएटला 18 महिन्यांचा मॅन्युफॅक्चरिंगचा प्रत्यक्ष अनुभव मागितलाय, तो ज्यांनी घेतलाय आणि राज्याच्या एफडीएचं (औषध प्रशासनाचं) अप्रूव्हल ज्यांच्या नावावर आहे त्यांचं पॅनलवर वजन असतं. तुम्ही सगळी वर्षं डॉक्युमेंटेशनच्या टेबलावरच काढली असतील तर एमबीएच्या आधी सहा-आठ महिने आयपीक्यूएत (उत्पादन चालू असतानाची क्वालिटी तपासणी) फ्लोअरवर जायला मागा. ग्रॅन्युलेशनमध्ये (पावडरचे दाणे करतात तिथे) उभं राहून जो बघत नाही त्याचा शब्द प्रॉडक्शनवाले मानत नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यांचं तिथे चुकत नाही.

आता काय बघितलं जातं. मी कँडिडेटला एकच केस देतो. जुलै महिना, आपला गोव्याचा पाऊस, वेअरहाऊसमध्ये आरएच (हवेतली आर्द्रता) लिमिटच्या वर गेला, डेव्हिएशन उघडलं. दहातले बहुतेक लोक लिहितात की डिह्युमिडिफायर बंद पडला होता, ऑपरेटरच्या लक्षात आलं नाही, ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं, कॅपा क्लोज. हे वाचून मला कळतं की हा माणूस फॉर्म भरतो. मला जो हवा असतो तो उलट मलाच विचारतो, किती तास वर होता, तेवढ्या वेळात त्या रॅकवर काय काय होतं, त्यात ओलावा धरणारं मटेरियल कुठलं, त्याच्यापैकी काही डिस्पेन्स होऊन बॅचमध्ये गेलं का, अलार्म वाजला तर कोणाला गेला आणि रात्रपाळीला तो बघतो कोण, वेअरहाऊसचं मॅपिंग (कुठे किती आर्द्रता-तापमान असतं याची मोजणी) पावसाळ्यात केलं होतं की जानेवारीतच उरकलं. आणि सगळ्यात शेवटी, गेल्या वर्षी जुलैत हेच झालं होतं का, झालं असेल तर तेव्हाच्या कॅपाचं काय झालं. हा शेवटचा प्रश्न जो विचारतो तो पुढे जातो. कारण मग तो एका डेव्हिएशनचं बोलत नसतो, पूर्ण सिस्टिमचं बोलत असतो, आणि हेडचं काम तेच आहे.

यूएसएफडीएच्या (अमेरिकेच्या औषध नियामकाच्या) साइटवर वॉर्निंग लेटर सगळ्यांसाठी उघडी असतात. रोज एक वाचा. बघाल तर त्यांच्या नियमांतलं कलम 211.192 पुन्हा पुन्हा येतं, म्हणजे चौकशी पूर्ण केली नाही, मुळापर्यंत गेले नाहीत, दुसऱ्या बॅचेसकडे बघितलंच नाही. आणि 211.22 येतं, ज्यात क्वालिटी युनिटला बॅच पास किंवा रिजेक्ट करायचा अधिकार दिलाय आणि तो त्यांनी वापरला नाही असं इन्स्पेक्टर लिहितो. लेटर वाचून झालं की स्वतःच्या प्लँटमध्ये जा आणि तीच गोष्ट शोधा. सापडेल. हे जो वर्षभर मनापासून करेल त्याला कुठला कोर्स लागत नाही.

दुसरं, इन्स्पेक्शनच्या वेळी बॅकरूममध्ये (इन्स्पेक्टरला द्यायचे कागद तयार होतात ती खोली) शिरा. स्क्राइब (नोंदी लिहिणारा) म्हणून बसा, डॉक्युमेंट रनर म्हणून पळा, काहीही करा पण आत असा. फ्रंटरूममधून (इन्स्पेक्टर बसतो तिथून) चिठ्ठी येते, "अमुक बॅचचा एचपीएलसीचा ऑडिट ट्रेल आणा" (टेस्टिंग मशीनवर कोणी कधी काय केलं त्याची नोंद), आणि तो पाठवायच्या आधी कोण वाचतो, काय दिसतं, त्यावर कोण उत्तर देणार हे ठरतं, ते बघितल्याशिवाय ही नोकरी कळत नाही. फॉर्म 483 (इन्स्पेक्टरने काढलेल्या त्रुटींची यादी) मिळाला की उत्तराची कायद्याने सक्ती नाही, पण पुढची कारवाई ठरवायच्या आधी यूएसएफडीएने ते बघावं म्हणून 15 वर्किंग डेजमध्ये उत्तर पाठवतात, ते न पाठवता किंवा पाटी टाकल्यासारखं पाठवून चालत नाही. त्या पंधरा दिवसांत उत्तराचा ड्राफ्ट जो लिहितो त्याच्याकडे सगळ्या कंपनीचं लक्ष जातं. म्हणून लिहिण्याची सवय करा, साधं स्वच्छ इंग्रजी, काय झालं, किती दूरवर झालं, काय करतोय, कधीपर्यंत, पुरावा कुठे.

प्रॉडक्शन हेडच्या विषयावर वेगळं लिहितो, तो मोठा विषय आहे, आता ड्यूटीवर आहे.

मडगाव_एनएबीएच

ताई, तुमच्या मैत्रिणीसारखीच मी पण, स्टाफ नर्स होते, आता हॉस्पिटलच्या क्वालिटीची मॅनेजर आहे. फार्मावाल्यांना वाटतं की हॉस्पिटलमध्ये काय, नुसत्या फायली. तसं नाही हो.

आमच्याकडे एकच रेग्युलेटर नसतो. एक्स-रे आणि सीटीसाठी एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ), त्याचं इलोरा पोर्टल. सोनोग्राफी मशीन आलं की पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदान बंदीचा कायदा), प्रत्येक गरोदर बाईचा फॉर्म एफ, दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत रिपोर्ट. कचऱ्यासाठी 2016 चे बायोमेडिकल वेस्टचे नियम, पिवळी लाल पिशवी, सुयांचा पांढरा डबा, काचेचा निळा, आणि ड्रेसिंगचा वगैरे कचरा 48 तासांच्या वर ठेवायचा नाही, बारकोड लावून कुंडईच्या प्लँटला जायलाच हवा. फार्मसीसाठी एफडीए, लिफ्ट, फायर, ब्लड बँक, वर गोव्याचा स्वतःचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंटचा कायदा. आता 2023 चा डेटा प्रोटेक्शन कायदा पण, पेशंटचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर कोण कोणाला पाठवतं याचा विचार आता करावाच लागतो. या सगळ्यांची लायसन्सं कधी संपतात याचा एक तक्ता ठेवणं ही तर बालवाडी.

खरं काम वॉर्डमध्ये. रात्री तीनला एका नर्सकडून इंजेक्शनचा डोस चुकीचा भरला गेला, तिच्याच लक्षात आलं, द्यायच्या आधी थांबली. ही नियर मिस. ती उद्या फॉर्म भरेल की गप्प बसेल हे तिच्या सिस्टरच्या तोंडावर ठरतं. ओरडणार असतील तर कोणी लिहिणार नाही, आणि कोणी लिहीत नाही म्हणजे सगळं छान चाललंय असं मॅनेजमेंटला वाटत राहतं. क्वालिटीत वर जायचं तर त्या नर्सने तुमच्याकडे स्वतःहून यायला हवं. मी रात्रीच्या राउंडला जाते, अजूनही जाते, आणि एचआरवाले म्हणतात मॅडम तुम्हाला गरज काय. गरज आहे.

गोव्यात हॉस्पिटलचं हे काम वाढतंय, इन्शुरन्स एम्पॅनलमेंटसाठी (विमा कंपनीच्या यादीत यायला), पेशंटसाठी, बाहेरून येणाऱ्यांसाठी. पण एक सांगते, पगार फार्मापेक्षा सुरुवातीला कमी मिळेल आणि डॉक्टरांना समजावणं हे प्रॉडक्शन हेडपेक्षा सोपं नसतं! तुम्ही फार्माच्या असल्यामुळे कॅपा, रूट कॉज, डॉक्युमेंट कंट्रोल हे तुमच्या हातचं आहे, आमच्याकडे या गोष्टीची फार गरज आहे. एनएबीएचचा असेसर किंवा इंटर्नल ऑडिटरचा कोर्स करून एका छोट्या हॉस्पिटलला एन्ट्री लेव्हलसाठी (एनएबीएचच्या पहिल्या पायरीच्या सर्टिफिकेटसाठी) मदत करून बघा, नोकरी न सोडता कळेल जमतं का.

पर्वरी_आरए

वेर्णावाल्या दादांचं बरंच पटलं पण कोर्सबद्दल मी थोडं वेगळं म्हणेन. प्लँटमध्ये दादा बरोबर आहेत. पण रेग्युलेटरी अफेअर्समध्ये किंवा बाहेरच्या कंपनीच्या कंप्लायन्स टीममध्ये जायचं असेल तर सीव्ही आधी अशा माणसाकडे जातो ज्याने तुमचा प्लँट बघितलेला नाही, तिथे आरएसी किंवा एएसक्यू या संस्थेचं सीक्यूए (क्वालिटी ऑडिटरचं सर्टिफिकेट) लिहिलेलं असलं की दार उघडतं. मात्र सीक्यूएला सुद्धा नुसता अनुभव चालत नाही, त्यातली काही वर्षं डिसिजन मेकिंग पोझिशनची मागतात, म्हणजे फिरून तिथेच आलो. एम.फार्म मात्र आता मुलीची शाळा असताना करायची गरज मला तरी दिसत नाही.

आणखी एक रस्ता कोणी बोललंच नाही, मेडिकल डिव्हाइस. आपल्याकडे 2017 चे मेडिकल डिव्हाइस रूल्स, ए बी सी डी असे चार क्लास, ए-बीला 1 ऑक्टोबर 2022 पासून आणि सी-डीला 1 ऑक्टोबर 2023 पासून लायसन्स सक्तीचं झालं. त्याच्याआधी अनेक डिव्हाइस बिनालायसन्स विकले जायचे, त्या सगळ्या कंपन्यांना एकदम आयएसओ 13485 (डिव्हाइसच्या क्वालिटी सिस्टिमचं स्टँडर्ड) समजणारी माणसं लागली, आणि ती अजूनही पुरत नाहीत. गोव्यात डायग्नोस्टिक किट आणि डिव्हाइस बनवणारे आहेतच. युरोपात माल विकायचा तर तिथल्या रेग्युलेशनच्या आर्टिकल 15 प्रमाणे कंपनीला एक ठरावीक माणूस कंप्लायन्ससाठी जबाबदार म्हणून नेमावा लागतो, त्याची डिग्री आणि अनुभव कायद्यातच लिहिलाय. म्हणजे पद कोणाच्या मर्जीवर नाही, कायद्याने बांधलेलं. फार्मामधून तिकडे जाताना रिस्क मॅनेजमेंटचा आयएसओ 14971 शिकावा लागेल, तेवढी मेहनत आहे.

फोंडा_मायक्रो

छोटंसं. स्टेराइल (निर्जंतुक औषधं बनवायचं काम) शिकून घ्या. युरोपचं नवीन "ॲनेक्स 1" (स्टेराइल औषधांचे नियम) 2023 च्या ऑगस्टपासून लागू झालं, कंटॅमिनेशन कंट्रोल स्ट्रॅटेजी (माल दूषित होऊ नये यासाठीची योजना) लिहिता येणारे लोक शोधून सापडत नाहीत. टॅबलेटवाल्या क्यूए माणसाने एन्व्हायर्नमेंटल मॉनिटरिंगचा (प्लँटमधले जंतू-कण मोजण्याचा) डेटा वाचायला शिकला तर त्याला मागणी वेगळीच.

डिचोलीची_फार्मसिस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरे करो. आरएच चं उदाहरण वाचून चपापलेच, आमच्याकडचं मागच्या पावसाचं डेव्हिएशन मीच क्लोज होताना बघितलंय. दादा, तुम्ही प्रॉडक्शन हेडचा विषय राहिला म्हणालात, तो प्लीज लिहा. माझं अडतं ते तिथेच. मुद्दा बरोबर असतो पण रूममध्ये तो टिकत नाही.

वेर्णा_जुना_क्यूए

लिहितो. हा विषय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

समजा सिरपचा प्लँट आहे. ग्लिसरिनचे ड्रम आलेत, सप्लायरचा सीओए (टेस्ट सर्टिफिकेट) जोडलेला आहे, बॅच लावायची आहे, प्रॉडक्शन म्हणतं सीओए आहे ना, सप्लायर जुना आहे, आपला रिपोर्ट मागाहून येईल. डायएथिलीन ग्लायकॉलची (डीईजी, विषारी केमिकल) टेस्ट झालेली नाही. इथे "सर मला वाटतं आपण थांबूया" असं म्हणणाऱ्याचं कोणी ऐकणार नाही, कारण वाटण्याला किंमत नसते. ऑक्टोबर 2022 मध्ये गांबियातली मुलं दगावल्यावर डब्ल्यूएचओने अलर्ट काढला, त्या सिरपमध्ये डीईजी आणि ईजी (एथिलीन ग्लायकॉल) सापडलं होतं, ते आपल्या देशातून गेलेलं होतं. ते ठाऊक असलेला माणूस शांतपणे म्हणतो, या ड्रमची डीईजी-ईजी टेस्ट झाल्याशिवाय क्यूए रिलीज देणार नाही, टेस्टला इतके तास लागतात, क्यूसी लॅबशी मी आत्ता बोललेय, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट देतात, तोपर्यंत त्या लाइनवर दुसरा प्रॉडक्ट घ्या, चेंजओव्हरची क्लीनिंग व्हेरिफाय करायला माझा माणूस उभा राहील. बघा, यात नकार आहे, पण सोबत वेळ आहे आणि त्यांच्या अडचणीचा मार्ग पण आहे. प्रॉडक्शन हेडवर सुद्धा वरून प्रेशर असतं हो, त्याला वाईट माणूस समजून चाललं तर काम होत नाही.

आणि बोलणं संपलं की लगेच मेल. चार ओळी. काय ठरलं, का ठरलं, कोण करणार, कधी. चिडून नाही, साध्या भाषेत. उद्या कोणी म्हणालं की क्यूएने सांगितलंच नव्हतं, तर कागद बोलेल. आयसीएच क्यू10 (क्वालिटी सिस्टिमची आंतरराष्ट्रीय गाइडलाइन) मध्ये मॅनेजमेंट रिव्ह्यू सांगितलाय, सुधारित शेड्यूल एम (आपल्या ड्रग्ज रूल्समधले औषध बनवण्याचे नियम) मध्येही फार्मास्युटिकल क्वालिटी सिस्टिम आलीय, तुमच्या कंपनीत ती मीटिंग होत असेलच. तिथे सरांना "डेव्हिएशन एवढी, कॅपा एवढी" असे आकडे दाखवायचं सोडा. तिथे दाखवा की हीच गोष्ट तिसऱ्यांदा होतेय, कारण हे, पैसे इतके लागतील, नाही केलं तर काय धोका. प्लँट हेडला पैशाचा निर्णय घ्यायचा असतो, त्याला त्याच्या निर्णयाला लागेल अशी माहिती दिलीत की पुढच्या वेळी तो स्वतः विचारतो, ताईचं काय म्हणणं. माझ्या मते लीडरशिप तिथे सुरू होते, पदाची पाटी नंतर लागते.

शेड्यूल एम निघालाच आहे तर, ही फार मोठी संधी आहे. डिसेंबर 2023 च्या नोटिफिकेशनने नवीन आलं, 250 कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्यांना आधी लागू झालं, छोट्या मध्यम युनिटना नंतर, आणि ज्यांनी अपग्रेडेशनचा प्लॅन दिला त्यांना 31 डिसेंबर 2025 पर्यंत मुदत होती. गोव्यातल्या छोट्या युनिटना गॅप ॲनालिसिस (नियमांच्या मानाने काय कमी आहे ते शोधणं) करणारा माणूस हवाच आहे, आणि मोठ्या कंपनीतही व्हेंडर छोटेच असतात. व्हेंडर ऑडिट (माल पुरवणाऱ्याची तपासणी) तुमच्या नावावर मागून घ्या, दुसऱ्याच्या प्लँटमध्ये दोन दिवस एकटीने बसून ऑडिट करा, रिपोर्ट स्वतः लिहा, त्यांचं उत्तर नाकारायचं की स्वीकारायचं ते स्वतः ठरवा. इतकं शिक्षण दुसरीकडे नाही.

म्हापसा_परतलेली

मी हैदराबादला गेले आणि परत आले, म्हणून गाव सोडण्याबद्दल लिहिते. कॉर्पोरेट क्वालिटी, ग्लोबल रेग्युलेटरी, ही पदं मुंबई, हैदराबाद, अहमदाबाद, बंगळुरूलाच असतात, हे खरं, त्यात स्वतःला फसवू नये. पण साइट क्वालिटी हेड हे पद प्लँट जिथे तिथेच असतं, आणि आपल्या वेर्णा, कुंडई, पिळर्ण, थिवी पट्ट्यात यूएसएफडीएचे, युरोपचे इन्स्पेक्टर येणारे प्लँट आहेत. घर सोडून न जाता तिथे पोचलेल्या बायका आहेत, मी त्यांच्याबरोबर काम केलंय.

फक्त दोन गोष्टींची घरी आधी चर्चा करा. इन्स्पेक्शन कधी येईल हे तुमच्या हातात नसतं, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी मेल आली तरी जावं लागतं, माटोळी (गणपतीच्या वर बांधायची फळांची आरास) दुसरं कोणीतरी बांधेल हे सासूबाईंना आधी ठाऊक असायला हवं. आणि व्हेंडर ऑडिटसाठी महिन्यातून काही दिवस बाहेर. हे घरच्यांना चालत असेल तर गोवा सोडायची गरज नाही. मला बाहेर जाऊन फायदा झाला, वेगळ्या कंपनीची सिस्टिम बघायला मिळाली, पण तो तुम्हाला ऑडिटमधूनही बऱ्यापैकी मिळेल.

आणि साहेबांना जाऊन स्पष्ट सांगा की मला साइट हेड व्हायचंय. आपल्या मुली हे बोलतच नाहीत, चांगलं काम केलं की आपोआप दिसेल म्हणून वाट बघत राहतात. सांगितलं नाही तर सक्सेशनच्या (पुढे पद कोणाला द्यायचं त्या) यादीत नाव येत नाही.

मडगाव_एनएबीएच

शेवटचं अगदी पटलं. मी पण सांगितलं होतं म्हणूनच मिळालं.

डिचोलीची_फार्मसिस्ट

इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. नवऱ्यालाही वाचायला दिलं, तो म्हणतो माटोळी मी बांधतो.

ठरवलंय असं. सोमवारी साहेबांकडे बोलते, आयपीक्यूएत काही महिने मागते आणि पुढच्या इन्स्पेक्शनला बॅकरूममध्ये स्क्राइब म्हणून. मागच्या पावसाचं आरएच डेव्हिएशन पुन्हा काढून त्याच्या आधीच्या वर्षांचं पण ट्रेंड करते आणि ते मॅनेजमेंट रिव्ह्यूला नेते. हॉस्पिटल सध्या नको, पण सुट्टीच्या दिवशी एखाद्या छोट्या हॉस्पिटलला एन्ट्री लेव्हलसाठी मदत करायला आवडेल, मॅडम, डिचोली-सांखळीकडे कोणी असेल तर कळवा. दादा, व्हेंडर ऑडिटसाठी पहिल्यांदा जाताना पॅकिंग मटेरियलवाल्याकडे जाऊ की एपीआयवाल्याकडे (औषधाचा मूळ घटक बनवणारा)?

वेर्णा_जुना_क्यूए

पॅकिंग मटेरियल. प्रिंटेड कार्टनचा सप्लायर घ्या. तिथे मिक्स-अप, लाइन क्लिअरन्स आणि जुनं आर्टवर्क नष्ट केल्याचं रेकॉर्ड एवढं जरी नीट तपासलंत तरी दिवस पुरणार नाही. त्यानंतर एपीआय, तेव्हा आयसीएच क्यू7 (एपीआय बनवण्याची गाइडलाइन) वाचून जा आणि सॉल्व्हंट रिकव्हरी सेक्शन बघितल्याशिवाय तिथून निघू नका.